हिशेबातील एक ओळ

(उपकारस्तुतीच्या सभेत आमच्या आदिवासी भागातील मिशन रुग्णालयाच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरभगिनींनी केलेले भाषण. वाचकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



दरवर्षी मी येथे उभी राहते तेव्हा किती बाळंतपणे झाली, किती बाळे वाचली, किती कुपोषित मुले भरती झाली असा अहवाल वाचते. या वर्षी तो अहवाल छापून तुमच्या हातात दिलेला आहे, तो घरी वाचावा. आज मला एका पोस्टकार्डाला उत्तर द्यायचे आहे.

आपल्यातील एका वडीलधाऱ्या बंधूंनी गेल्या वर्षीचा जमाखर्च फार बारकाईने वाचला. त्यांचे मी आभार मानते, कारण हिशेब छापला जातो पण वाचणारे थोडे. औषधखर्चाच्या यादीत त्यांना एक नाव दिसले, सिल्डेनाफिल. त्यांनी नातवाला विचारले. नातवाने मोबाईलवर पाहून सांगितले की हे म्हणजे व्हायग्रा. मग पोस्टकार्ड आले. त्यात एवढेच होते : "देवाच्या कामासाठी दिलेल्या पैशातून हे औषध का घेतले जाते, याचा खुलासा व्हावा." खजिनदारसाहेबांनी ते कार्ड माझ्यापुढे ठेवले आणि स्वतः खिडकीबाहेर पाहू लागले.

खुलासा मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, आणि तो चारचौघांत मागितला म्हणून चारचौघांतच देते.

हे औषध आम्ही जन्मून काही तास झालेल्या बाळांना देतो.

कशासाठी, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपल्यातील बहुतेकांच्या घरी शेती आहे किंवा होती, म्हणून पाटाच्या पाण्याची गोष्ट तुम्हाला लवकर समजेल. आईच्या पोटात बाळ श्वास घेत नाही. त्याची फुप्फुसे पाण्याने भरलेली असतात. प्राणवायू येतो तो वारेतून, नाळेवाटे. मग फुप्फुसांकडे रक्त पाठवून उपयोग काय? म्हणून देवाने त्या पाटाचे दार जवळजवळ बंद ठेवले आहे. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात आणि हृदयातून निघालेल्या रक्तातला थोडासाच भाग तिकडे जातो. बाकीचे दोन आडवाटांनी परस्पर शरीरात जाते. एक आडवाट हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातले भोक, आणि दुसरी फुप्फुसाकडची मोठी वाहिनी व शरीराकडची मोठी वाहिनी यांना जोडणारी आखूड नळी.

बाळ जन्मते, पहिल्यांदा रडते, फुप्फुसात हवा शिरते, नाळ कापली जाते. त्याच मिनिटांत पाटाचे दार उघडले पाहिजे. रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त फुप्फुसांकडे धावते, आणि पुढच्या तासा-दिवसांत आडवाटा मिटतात. मी हजारो बाळंतपणे पाहिली, तरी त्या पहिल्या मिनिटात बाळ निळ्याचे गुलाबी होताना पाहिले की अजून अंगावर काटा येतो.

काही बाळांत हे दार उघडतच नाही. हजार जन्मांत साधारण एक-दोन. बाळाने पोटातच शी केली आणि ते हिरवे पाणी फुप्फुसात गेले, कळा फार लांबल्या आणि बाळ गुदमरले, जंतुसंसर्ग झाला, बाळ गार पडले, किंवा छाती-पोटामधला पडदा जन्मतः अपुरा असला, तर वाहिन्या आवळलेल्याच राहतात. रक्त जुन्याच आडवाटांनी, प्राणवायू न घेता, शरीरात फिरते. बाहेरून कितीही ऑक्सिजन द्या, ज्या वाफ्यात पाणीच जात नाही त्यात खत टाकून काय होणार? १९६९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या स्थितीचे प्रथम वर्णन केले तेव्हा 'गर्भातलेच रक्ताभिसरण चालू राहणे' असे नाव दिले होते. आज आम्ही त्याला पीपीएचएन म्हणतो. फुप्फुसांतला रक्तदाब जन्मानंतरही चढाच राहणे, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या सिस्टर हे कसे ओळखतात ते सांगते. उजव्या हाताला एक आणि पायाला एक, असे दोन ऑक्सिजन मोजणारे चिमटे लावतात. उजव्या हाताकडे जाणारे रक्त त्या आखूड नळीच्या आधीच फुटते, पायाकडे जाणारे नंतर. हाताचा आकडा चांगला आणि पायाचा दहाने कमी असला तर समजावे की मधून कुणीतरी पाणी फोडले आहे. आमच्या भागातल्या सावळ्या बाळांत निळेपणा डोळ्यांना लवकर दिसत नाही, म्हणून हा चिमटा मला स्टेथोस्कोपपेक्षा मोलाचा वाटतो.

आता औषधाकडे येते. जुन्या काळी टोलॅझोलीन नावाचे औषध देत. ते फुप्फुसाबरोबर साऱ्या शरीराचाच रक्तदाब पाडी, पोटात रक्तस्राव होई. ते मागे पडले. मग १९८० च्या दशकात एक विलक्षण गोष्ट कळली. आपल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर स्वतःच एक वायू तयार करते, नायट्रिक ऑक्साइड. वाहनांच्या धुरात असतो तोच. हा वायू वाहिनीच्या स्नायूला "सैल हो" असा निरोप देतो. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल मिळाले. गंमत अशी, की ज्या नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटकांवर आल्फ्रेड नोबेलने संपत्ती मिळवली, तेच त्याच्या म्हातारपणी डॉक्टरांनी त्याला छातीच्या दुखण्यावर औषध म्हणून लिहून दिले होते. ते का लागू पडते हे कुणाला माहीत नव्हते. शरीरात गेल्यावर त्यातून हाच वायू सुटतो, हे नंतर मुराद यांनी दाखवले.

१९९२ साली हा वायू अशा बाळांना श्वासातून देऊन पाहिला गेला आणि १९९९ च्या शेवटी अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. त्याचा मोठा गुण असा की तो श्वासातून फक्त हवा पोचलेल्या भागात जातो, तिथली वाहिनी उघडतो आणि रक्तात मिसळताच निकामी होतो. बाकीच्या शरीराचा रक्तदाब पडत नाही. मोठ्या शहरातल्या चांगल्या अतिदक्षता विभागात आज हेच पहिले औषध आहे. ते यंत्र आपल्याकडे का नाही, यावर मी थोड्या वेळाने येते. तो प्रश्न काही जणांच्या मनात आहे हे मला ठाऊक आहे.

सिल्डेनाफिल हे इंग्लंडमधल्या सँडविच नावाच्या गावी फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत हृदयाच्या दुखण्यासाठी शोधले जात होते. त्यासाठी ते फारसे उपयोगी पडले नाही, दुसऱ्याच कारणासाठी १९९८ मध्ये बाजारात आले आणि जगभर थट्टेचा विषय झाले. पण ते काम करते ते असे : नायट्रिक ऑक्साइडने दिलेला "सैल हो" हा निरोप शरीरातले एक द्रव्य सतत पुसत असते. सिल्डेनाफिल त्या पुसणाऱ्याचा हात धरते. निरोप जास्त वेळ टिकतो. आणि हे पुसणारे द्रव्य फुप्फुसांच्या वाहिन्यांत भरपूर असते. म्हणून २००५ साली याच औषधाला मोठ्या माणसांच्या फुप्फुसांतील रक्तदाबासाठीही मान्यता मिळाली.

२००६ साली कोलंबिया देशातल्या बारांकिया शहरातल्या डॉक्टरांनी एक छोटासा अभ्यास छापला. त्यांच्याकडे नायट्रिक ऑक्साइड नव्हते. आमच्याकडेही नाही, म्हणून मी तो लेख जपून ठेवला आहे. त्यांनी तेरा बाळे घेतली. सात जणांना सिल्डेनाफिल पाण्यात कालवून नळीतून पोटात दिले, सहा जणांना औषध नसलेले पाणी. औषध मिळालेल्या सातांपैकी सहा जगली. न मिळालेल्या सहांपैकी एक. तेरा बाळांवरून जगाचा नियम ठरत नाही, हे त्यांनाही माहीत होते. २०१० मध्ये मेक्सिकोत एक्कावन्न बाळांवर अभ्यास झाला; औषध घेतलेल्यांत शंभरी सहा मृत्यू, न घेतलेल्यांत चाळीस. तेव्हापासून आमच्यासारख्या रुग्णालयांना हा एक आधार झाला. आणि आपल्या देशात २००५ पर्यंत औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हते, म्हणून आपल्या कंपन्यांनी ही गोळी फार लवकर आणि फार स्वस्त केली. काही रुपयांची गोळी आहे ती.

मग हिशेबात इतक्या गोळ्या कशा? तेही सांगते. पंचवीस मिलिग्रॅमची एक गोळी सिस्टर खलबत्त्यात बारीक कुटतात, दहा मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात कालवतात. अडीच किलोच्या बाळाला पूर्ण मात्रा म्हणजे त्यातले एक मिलिलिटर, दर सहा तासांनी. गोळी पूर्ण विरघळत नाही, गाळ खाली बसतो. सिरिंज भरण्याआधी हलवले नाही तर एका वेळी नुसते पाणी जाते आणि दुसऱ्या वेळी दुप्पट औषध. उरलेले चोवीस तासांनी टाकून देतो. म्हणजे बाळाच्या पोटात जाते त्याहून जास्त मोरीत जाते. बंधूंनी त्याबद्दल प्रश्न विचारला असता तर मला जास्त अवघड गेले असते.

आणि आपणच गोळ्या घेऊन का ठेवतो? पूर्वी ठेवत नव्हतो. एका रात्री मी एका बापाला चिठ्ठी लिहून तालुक्याच्या औषधदुकानात पाठवले. तो तासाभराने हात हलवत आला, काही बोलेना. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शेवटी बाळाच्या मावशीने सांगितले. दुकानातल्या पोरांनी चिठ्ठी वाचून एकमेकांना दाखवली, हसले, आणि "बायको बाळंत झाली आणि तुला हे पाहिजे?" असे विचारले. त्याने "बाळासाठी आहे" म्हटल्यावर आणखी हसले. तो माणूस पाड्यावरून झोळीतून बायकोला रस्त्यापर्यंत आणून आला होता. त्या दिवशी मी ठरवले की ही गोळी आपल्या कपाटात असेल आणि कुठल्याही बापाला तिच्यासाठी दारोदार जावे लागणार नाही.

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगते. सातपुड्यातल्या एका पाड्यावरची बाई. पहिलटकरीण. कळा आदल्या दिवशी सकाळी सुरू झालेल्या. ओढ्याला पूर होता, म्हणून झोळी ओढ्याकाठी थांबली. बाळ वाटेत, १०८ च्या गाडीत जन्मले. पाणी हिरवे होते. आमच्याकडे पोचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मुलगी, वजन अडीच किलो, अंगाचे तापमान चौतीस पूर्णांक आठ. आपल्या हाताला ती ओल्या मातीसारखी लागत होती. उजव्या हाताचे ऑक्सिजन चौऱ्याऐंशी, पायाचे अडुसष्ट.

अशा बाळाला आधी औषध द्यायचे नसते. आधी ऊब. गार बाळाच्या वाहिन्या आणखी आवळतात. मग श्वास : आधी सीपॅप, ते पुरेना म्हणून व्हेंटिलेटर. साखर, सलाईन, प्रतिजैविक. आणि शांतता. हे बाळ रडले, हलले, दचकले की वाहिन्या पुन्हा मिटतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत आकडा साठावर येतो. म्हणून दिवे मंद, डोळ्यांवर पट्टी, झोपेचे औषध, सुया कमीत कमी. गेल्या नाताळात आपल्या तरुण संघाला मी वॉर्डाच्या दारातूनच परत पाठवले, त्यांना वाईट वाटले होते. तेव्हाही असेच एक बाळ आत होते. गाणी अंगणात छान झाली, आणि आत आम्हाला पुसट ऐकू येत होती, ते पुरे होते.

बाळाच्या मनगटावर आजीने भगताकडून आणलेला काळा दोरा बांधलेला होता. एका नव्या सिस्टरने तो कापायला कात्री उचलली. मी थांबवले. चिमटा तळहातालाही बसतो. आजी दाराबाहेर बसून सारे पाहत होती, आणि पुढचे दोन दिवस मला तिची गरज लागणार होती.

आता मी जे सांगणार आहे ते सांगणे सोपे नाही. काही वर्षांपूर्वी असेच एक बाळ होते. मुलगा. निळा, पायाचा आकडा कमी. मी पीपीएचएन ठरवले आणि घाईने सिल्डेनाफिल सुरू केले. तो सुधारण्याऐवजी बिघडला, फुप्फुसे पाण्याने भरत गेली. दुसऱ्या दिवशी शहरात पोचला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी केली. फुप्फुसातून रक्त परत आणणाऱ्या चारही शिरा हृदयात यायच्या तिथे येतच नव्हत्या, दुसरीकडे जाऊन अडल्या होत्या. बाहेर जायची वाट अडलेली असताना मी आत येणारे दार उघडले होते. त्याला शस्त्रक्रिया हवी होती. तो गेला. शस्त्रक्रियेपर्यंत तो टिकला असता की नाही, सांगता येत नाही. पण मी हृदय न पाहता औषध दिले, हे मला सांगता येते, आणि मी त्याच्या आईवडिलांनाही सांगितले. बापाने विचारले, "मग आता पुढच्या बाळाला बघून द्याल ना?" मी हो म्हटले.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : हृदय पाहिल्याशिवाय औषध नाही. मी शहरात जाऊन बाळांच्या हृदयाची सोनोग्राफी शिकून आले. पण यंत्र मोठ्यांचे, प्रोब मोठ्यांचा. तो बाळाच्या दोन बरगड्यांमध्ये नीट बसतच नाही. त्या पावसाळी रात्री मी साडेबारा वाजता तसाच तो टेकवून चित्रफीत घेतली आणि शहरातल्या हृदयतज्ज्ञांना फोनवर पाठवली. नेट दोनदा तुटले. त्यांनी पाहून सांगितले : तीन शिरा जागेवर दिसतात, चौथी दिसत नाही, उजवा कप्पा फुगलेला आहे, दाब वाढलेला आहे, बाळ इकडे पाठवता येईल का? मी म्हटले, ओढ्याला आणखी पाणी आले आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "द्या. कमी मात्रेने सुरू करा. रक्तदाब पाहत राहा."

दीड वाजता अर्धी मात्रा दिली. सिल्डेनाफिल पोटातून साऱ्या शरीरात जाते, त्याला फुप्फुसापुरते थांबता येत नाही. तासाभरात बाळाचा सरासरी रक्तदाब छत्तीसवरून एकोणतीसवर आला. शरीराचा दाब पडला की आडवाटेने रक्त आणखीच पळते. शिरेतून रक्तदाब टिकवणारे औषध चालू केले, थोडे सलाईन दिले. पायाचा आकडा अडुसष्टच. तीन वाजता वीज गेली. जनरेटर सुरू होईना, आणि व्हेंटिलेटरची बॅटरी जुनी, ती काही मिनिटांतच ओरडू लागली. रात्रपाळीच्या सिस्टरने नळी काढून अँबू जोडली आणि हाताने श्वास देऊ लागल्या. ना जोरात, ना जलद, अगदी मोजून. आमचे वॉर्डबॉय पावसात जनरेटरपाशी. पस्तीस मिनिटे त्या सिस्टर एका लयीत हात दाबत होत्या आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटले प्रार्थना करताहेत. नंतर विचारले तर म्हणाल्या, "डॉक्टर, मी आकडे मोजत होते. प्रार्थना करायला घेतली की मोजणे चुकत होते."

सकाळी साडेसातला दुसरी मात्रा, या वेळी पूर्ण. दुपारी बाराला पायाचा आकडा एकोणऐंशी झाला. मी कुणाला काही बोलले नाही. असे आकडे फसवतात. दीडला तिसरी मात्रा. संध्याकाळी हात चौऱ्याण्णव, पाय अठ्ठ्याऐंशी. रात्री दोन्ही आकडे एकमेकांजवळ आले. आजीला आत बोलावून ते दोन दिवे दाखवले. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण दोन्ही सारखे दिसतात एवढे तिला कळले.

पाचव्या दिवशी नळी काढली. औषध एकदम न थांबवता हळूहळू कमी केले. बाळ आईचे दूध ओढू लागले. आई-बाप आता ऊसतोडीला गुजरातेत गेले आहेत, बाळ त्यांच्याबरोबर आहे. जाण्यापूर्वी एकदा दाखवून गेले. या आजारातून उठलेल्या मुलांना पुढे कमी ऐकू येण्याचा धोका असतो, म्हणून परत आल्यावर कानांची तपासणी करायची आहे. कार्डावर मी लाल शाईने लिहिले आहे. आजीने ते कार्ड घडी घालून बटव्यात ठेवले.

हे औषध म्हणजे चमत्कार आहे असे मी म्हणत नाही. सारी बाळे उठत नाहीत. आणि औषध चांगले म्हणून कुठेही द्यावे असेही नाही. पोटातले बाळ लहान राहते म्हणून गरोदर आयांना हेच औषध देऊन पाहण्याचा अभ्यास नेदरलँड्समध्ये चालू होता. जन्मलेल्या बाळांत फुप्फुसांच्याच त्रासाने मृत्यू दिसू लागले, म्हणून २०१८ मध्ये तो मध्येच थांबवावा लागला. मिल्रिनोन नावाचे दुसरे औषध शिरेतून देता येते, आम्हीही कधी वापरतो, तेही रक्तदाब पाडते. प्रत्येक वेळी मात्रेबरोबर माणूस बाळापाशी बसावा लागतो.

आता त्या यंत्राबद्दल. आपल्या मंडळीतील एका कुटुंबाने आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ नायट्रिक ऑक्साइडचे यंत्र देऊ केले, आणि मी नको म्हटले. ते नाराज झाले असतील तर मी आज सर्वांसमोर क्षमा मागते, पण कारण ऐकावे. त्या वायूचे सिलिंडर शहरातून यावे लागते. तो देताना त्यातून दुसरा विषारी वायू तयार होतो का, बाळाच्या रक्तात दोष येतो का, हे सतत मोजावे लागते. आणि सर्वांत मोठी गोष्ट : तो अचानक बंद पडला तर वाहिन्या आधीपेक्षा जोरात आवळतात. ज्या रुग्णालयाचा रस्ता पावसाळ्यात तुटतो आणि जनरेटर पस्तीस मिनिटे सुरू होत नाही, तिथे सिलिंडर मध्येच संपणे म्हणजे मी माझ्या हाताने बाळाचे दार लावणे. वर्षाला अशी बाळे आमच्याकडे बोटांवर मोजण्याइतकी येतात. त्यांच्यासाठी यंत्र येईल, त्यावर पाटी लागेल, आणि ते कापडाखाली झाकलेले राहील. अशी दोन यंत्रे आमच्या गोदामात आधीच आहेत. देणाऱ्यांची नावे अजून चकचकीत आहेत.

त्याऐवजी मला तीन गोष्टी हव्यात. पहिली, सोनोग्राफी यंत्राला बाळांच्या हृदयाचा लहान प्रोब. गर्भलिंगनिदानाच्या कायद्याखाली त्याची नोंदणी करावी लागते. ते कागद मी करीन. दुसरी, अतिदक्षता विभागापुरता मोठा इन्व्हर्टर आणि व्हेंटिलेटरला नवी बॅटरी. यावर पाटी लावायला जागा नाही, हे आधीच सांगते.

तिसरी गोष्ट माझ्या मनात सर्वांत मोठी आहे. ती बाई आठ दिवस आधी आमच्या अंगणात राहायला आली असती, तर ओढा मध्ये आलाच नसता, कळा लांबल्या नसत्या, आणि मला ती गोळी कुटावी लागली नसती. सरकारने आदिवासी भागात 'माहेरघर' योजना काढली आहे ती याचसाठी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि मृत्यू निम्म्याहून अधिक कमी केले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले आणि साऱ्या जगाने पाहिले. तिथे व्हेंटिलेटर नव्हते. आपल्या जुन्या नर्सिंग हॉस्टेलच्या चार खोल्या रिकाम्या आहेत. छत गळते. ते दुरुस्त झाले, एक चूल झाली, आणि बरोबर येणारी सासू व मागची लहान मुले यांनाही राहायला मिळाले, तर बाया येतील. नुसत्या बाईला बोलावले तर ती येणार नाही. मुले कुणाकडे टाकणार? नाचणीची भाकर नि उडदाची डाळ मिळाली पाहिजे, हेही त्यांनीच मला सांगितले आहे. आमचा भात-वरण त्यांना दोन दिवसांत नकोसा होतो.

त्या कुटुंबाशी मी काल बोलले. त्यांनी छताचा अंदाजपत्रकी खर्च मागितला आहे. वडील गवंडीकाम करीत असत, असे मुलाने मला सांगितले, ते मला माहीत नव्हते.

आणि खजिनदारसाहेब, सिल्डेनाफिलची ती ओळ पुढच्या हिशेबातही येईल. ती काढू नका, दुसऱ्या नावाखाली झाकूही नका. फक्त कंसात 'नवजात बालके' असे लिहा, म्हणजे पोस्टकार्डाचा खर्च वाचेल.